काचपेटीच्या अलीकडे

माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या डबीत, एक मणी आहे. विटेच्या रंगाचा, मोहरीहून जरा मोठा, दोन्ही टोकांना किंचित चपटा. सहावी-सातवीत असताना रेवदंड्याला एका नारळीच्या वाडीत मला तो मिळाला. आमच्याकडच्या मुलांना यात नवल नाही. मृगाच्या दोन-चार जोरदार सरींनी माती धुपली की चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतून मणी, खापऱ्या, निळ्या नक्षीच्या चिनी भांड्यांच्या कपच्या वर येतात. खापऱ्यांच्या आम्ही ठिकऱ्या करायचो, खेळायला. मणी आईच्या डबीत जायचे. त्यांतला हा एक उरला आणि लग्न, बदल्या, तीन बिऱ्हाडं करून माझ्याबरोबर राहिला.

त्याच्या भावंडांनी केवढा प्रवास केला होता हे मला साठी उलटल्यावर समजलं. तेही लंडनमध्ये, आफ्रिकेवरच्या एका प्रदर्शनाच्या निमित्ताने. आणि खरं सांगायचं तर प्रदर्शनातून नाही, प्रदर्शनाच्या आजूबाजूला जे चाललं होतं त्यातून समजलं. म्हणून हा लेख.

२०१६ च्या डिसेंबरात सुनेच्या बाळंतपणासाठी मी मुलाकडे गेले होते. थोरला नातू नऊ वर्षांचा, नाताळच्या सुट्टीत घरी. त्याला कुठेतरी बाहेर काढणं भाग होतं. ब्रिटिश म्युझियममध्ये तेव्हा ‘साउथ आफ्रिका : द आर्ट ऑफ अ नेशन’ हे प्रदर्शन लागलं होतं, २७ ऑक्टोबर २०१६ ते २६ फेब्रुवारी २०१७. संग्रहालय फुकट, या प्रदर्शनाला मात्र तिकीट. आत शिरल्यावर मधल्या भव्य चौकात एक मोटार उभी. बीएमडब्ल्यूची, आणि तिच्या अंगावर टपापासून दारांपर्यंत रंगीत भौमितिक नक्षी. एस्थर महलांगू या न्देबेले चित्रकर्तीने १९९१ साली रंगवलेली. न्देबेले बायका आपल्या घरांच्या भिंती अशा रंगवतात. नातू तिथेच अडकला. त्याला ओढून वर नेलं.

पहिल्या खेपेला सव्वा तासात आम्ही सगळं पाहून बाहेर आलो. एक लालसर तपकिरी गोटा होता, मकापान्सगाटच्या गुहेतला. त्याच्यावर पाण्याने झिजून दोन डोळे आणि तोंड उमटल्यासारखं दिसतं. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी माणसाच्या कुणा पूर्वजाने तो लांबून उचलून गुहेत आणला असावा. नातू म्हणाला, “आजी, हा हसतोय.” सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची दगडी हातकुऱ्हाड होती. ब्लॉम्बोस गुहेतले शंखांचे मणी होते. मापुन्गुब्वेचा सोन्याचा गेंडा होता, जो पाहायला बरीच मंडळी आली होती. तळहातावर मावेल एवढा. मी पाहिला, सुरेख आहे म्हटलं, आणि पुढे सरकले.

३४ वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मला अपराधी वाटत होतं. मुलांना मी आफ्रिकेबद्दल काय शिकवलं? इजिप्तचे पिरॅमिड, आणि मग एकदम युरोपातले दर्यावर्दी. मधली हजारो वर्षं आणि उरलेला सगळा खंड मी एका उडीत ओलांडून जात असे. आमच्या रेवदंड्याहून मुरूड-जंजिरा जवळ. सिद्दींचं राज्य, १९४८ पर्यंत संस्थान. त्या मुलखाला आमच्याकडची जुनी माणसं हबसाण म्हणत, हबशांचा मुलूख. म्हणजे आफ्रिका आमच्या गावाच्या शेजारी नांदत होती, आणि तिच्याबद्दल मला एवढं एकच नाव ठाऊक होतं.

निघताना दारात कार्यक्रमांची पत्रिका मिळाली होती. दुपारची व्याख्यानं, वस्तू हाताळायचं टेबल, मुलांचे शनिवार, शुक्रवारी संग्रहालय रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं तेव्हाच्या चर्चा. मुलगा म्हणाला, “आई, तू जा. बाळाकडे आम्ही बघतो.” मग पुढच्या नऊ आठवड्यांत मी किती वेळा गेले ते मोजलं नाही.

सुरुवात टेबलापासून करते, कारण नातवाची सुरुवात तिथून झाली. तळमजल्यावर एक लांबलचक दालन आहे, पूर्वी तिथे राजाचा ग्रंथसंग्रह होता. तिथे एका साध्या टेबलामागे एक स्वयंसेवक बसतो. टेबलावर मऊ कापड, कापडावर चार-पाच वस्तू. खऱ्या. त्या हातात घ्यायच्या. यांत एक चकमकीच्या दगडाची हातकुऱ्हाड होती. टेबलामागच्या वयस्कर बाईंनी ती नातवाच्या हातात दिली आणि काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, “अंगठा कुठे बसतो ते शोध.” त्याने ती उलटी धरली, सुलटी धरली, फिरवली. मग एकदम थांबला. दगडात एक खोलगट जागा होती, अंगठा तिथे जाऊन बसला, बाकीची बोटं मागे आपसूक वळली आणि धार बरोबर खाली आली. तो माझ्याकडे बघतच राहिला. लाखो वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी मुठीची मोजमापं त्याच्या मुठीत आली होती.

मग त्या बाई बोलल्या. अशा कुऱ्हाडी पहिल्यांदा आफ्रिकेत घडल्या, सुमारे १७ लाख वर्षांपूर्वी. तिथून ही युक्ती दूरदूरवर गेली. मला पुरातत्त्वज्ञ सांकळियांची आठवण झाली. आपल्याकडे नेवाशाला प्रवरेच्या काठी त्यांना अशाच हातकुऱ्हाडी मिळाल्या आहेत. वर प्रदर्शनात काचेमागे ठेवलेली कुऱ्हाड या टेबलावरच्या कुऱ्हाडीपेक्षा जुनी आणि देखणी होती. पण नातवाला ती वरची आठवत नव्हती. परत वर गेल्यावर मात्र तो काचेला नाक लावून म्हणाला, “हिचा अंगठा या बाजूला असेल.”

मणी मला भेटले ते दुपारच्या व्याख्यानात. सव्वा वाजता सुरू, पाऊण तास, तिकीट नाही. जेवणाच्या सुट्टीत आलेले कचेरीतले लोक, माझ्यासारखे म्हातारे, दोन विद्यार्थिनी. बोलणाऱ्या संशोधक बाईंनी पडद्यावर ब्लॉम्बोसचे शंख मोठे करून दाखवले. ही गुहा दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर. ख्रिस्तोफर हेन्शिलवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जाहीर केलं की तिथे मिळालेले ४१ शंख हे मणी आहेत, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीचे. शंख चण्याच्या दाण्याच्या आसपास.

बाईंनी लगेच उलटा प्रश्न टाकला. भोक आहे म्हणून मणी कसा म्हणायचा? समुद्रातले जीवही शंखाला भोकं पाडतात.

मग एकेक पुरावा आला. भोकं सगळ्या शंखांना एकाच जागी. शंख एकेका ठिकाणी घोळक्याने मिळालेले, आणि प्रत्येक घोळक्यातले एका मापाचे, एका छटेचे. आतून लाल गेरूचे अंश. आणि सगळ्यांत पटणारी खूण म्हणजे भोकाची कड. दोरा घासून घासून ती गुळगुळीत झाली आहे, एका बाजूला जास्त. माझा हात नकळत मंगळसूत्राकडे गेला. काळ्या पोतीचे मणी वर्षानुवर्षं घातले की असेच एका बाजूला झिजतात. पटव्याकडे पुन्हा गाठवायला दिलं की तो नखाने ते दाखवतो. ७५ हजार वर्षांपूर्वीच्या बाईचा गळा (की बाप्याचा, कोण जाणे) असा माझ्यासमोर आला. काचेमागे हे शंख मी पाहिले होते. पण कड मी पाहिली नव्हती, कारण कड पाहायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं.

संग्रहालयातल्या मांडणीची ही मला वाटते मोठी अडचण आहे. पाटीवर निकाल लिहिलेला असतो, खटला नाही. वस्तूचं नाव, काळ, ठिकाण. हे कशावरून, हा प्रश्न पाटीत मावत नाही. तो मावतो व्याख्यानात, टेबलावर, प्रश्नोत्तरांत. म्हणून या कार्यक्रमांना ‘प्रदर्शनानिमित्त’ म्हणायला माझं मन घेत नाही. मला ते प्रदर्शनाचं निम्मं अंग वाटतं.

मापुन्गुब्वेची संध्याकाळ एका शुक्रवारची. सभागृह भरलं होतं. पहिल्यांदा पडद्यावर नुसता मुलूख दाखवला. लिंपोपो आणि शाशे या नद्यांचा संगम, जिथे आज दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि झिम्बाब्वे या तीन देशांच्या सीमा मिळतात. लालसर खडक, खुरटी झुडपं, आणि मधून मधून अवाढव्य, फुगलेल्या बुंध्याची झाडं. त्यांत सपाट माथ्याची एक टेकडी, कडे तुटलेले. सुमारे १२२० ते १२९० या काळात या टेकडीवर राजा राहत होता आणि पायथ्याला रयत. आपल्याकडे तेव्हा देवगिरीचे यादव होते. चक्रधर आणि ज्ञानेश्वर याच शतकातले. त्या आधी, १००० ते १२२० च्या सुमारास, जवळच दुसरी मोठी वस्ती होती. पुरातत्त्वज्ञ तिला के-२ म्हणतात.

टेकडी आसपासच्या लोकांना पवित्र होती, तिच्याकडे बोट करायलाही ते बिचकत. १९३२ च्या अखेरीस व्हान ग्रान नावाचे बापलेक आणि त्यांचे सोबती माथ्यावर चढले. पावसाने उघडे पडलेले सोन्याचे मणी, तारा, पत्रे दिसले आणि त्यांनी उकरायला सुरुवात केली. मुलगा प्रिटोरिया विद्यापीठात शिकलेला. त्याने आपल्या प्राध्यापकांना, लिओ फुशे यांना, कळवलं, म्हणून ते सोनं वितळलं नाही. पुढे उत्खनन झालं, २३ थडगी मिळाली, त्यांतल्या तिनांत सोनं होतं. गेंडा त्यातलाच. लाकडाच्या आकारावर पातळ सोन्याचा पत्रा ठोकून, बारीक सोन्याच्या खिळ्यांनी जडवलेला. लाकूड कधीच कुजून गेलं, पत्रा राहिला.

आणि मग ही वस्तू विद्यापीठात पडून राहिली. गोऱ्यांच्या राजवटीत मुलांना शाळेत शिकवलं जाई की गोरे आले तेव्हा हा मुलूख जवळजवळ ओसाड होता, आणि काळे लोकही त्याच सुमारास उत्तरेकडून आले. तेराव्या शतकातला सोन्याचा गेंडा या गोष्टीत बसत नव्हता. लोकांसाठी हा संग्रह विद्यापीठाने २००० साली उघडला. २००२ साली देशाच्या सर्वोच्च सन्मानाला मापुन्गुब्वेचं नाव दिलं गेलं आणि पहिल्या मानकऱ्यांत नेल्सन मंडेला होते. २००३ साली युनेस्कोने ती जागा जागतिक वारसा म्हणून नोंदवली.

शेजारच्या झिम्बाब्वेत हेच जरा आधी घडलेलं. ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती परक्यांनी बांधल्या, असं म्हणणाऱ्यांना गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी १९२९ साली खणून उत्तर दिलं की हे काम आफ्रिकी लोकांचंच. तरी सरकारी पुस्तकांतून खोटं पुढे कित्येक वर्षं चालत राहिलं. हे ऐकताना मला राग आला, आणि तो राग प्रदर्शन पाहताना आला नव्हता.

त्या संध्याकाळी सगळ्यात शांतता पसरली ती २००७ च्या गोष्टीने. थडग्यांतून सोन्याबरोबर माणसांची हाडंही काढली होती आणि ती सत्तर-पंचाहत्तर वर्षं विद्यापीठांच्या खोक्यांत होती. स्वतःला त्यांचे वंशज मानणाऱ्या समाजांनी ती मागितली, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये ती मापुन्गुब्वेलाच परत पुरली गेली. सभागृहात कुणीतरी विचारलं, यामुळे संशोधनाचं नुकसान नाही झालं? बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी अभ्यास झाला, नमुने नोंदवले गेले, आणि मग ती माणसं आपल्या घरी गेली. ‘हाडं’ हा शब्द त्यांनी वापरला नाही. मला ते फार भावलं.

मीही हात वर केला. माझं इंग्रजी शाळेत शिकवण्यापुरतं, पण विचारलं. “गेंड्याला एकच शिंग आहे. आफ्रिकेतल्या गेंड्यांना दोन असतात. एक शिंग आमच्या काझीरंग्याच्या गेंड्याला असतं. मग हा आमच्याकडचा का म्हणू नये?” दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे. हा गेंडा मिळाला तेव्हा चुरगळलेल्या पत्र्याचे तुकडे होते, ते जुळवून उभा केला आहे. त्याची ठेवण, उचललेले खांदे आणि खाली घातलेली मान, हे तिथे रोज गेंडे पाहणाऱ्याचं काम आहे. आणि त्याच्याबरोबर त्याच पद्धतीने मढवलेली गाय आणि रानमांजरही मिळाली आहे. एकटा गेंडा परदेशातून आला असता तर ही कुठून आली? “पण तुमच्या देशातून तिथे काही आलं नाही असं नाही,” असं म्हणून त्यांनी पुढचं चित्र लावलं.

पडद्यावर मणी होते. लाल, पिवळे, हिरवट निळे. काचेचे. मोहरीएवढे. त्यांतला एक लाल मणी मी ओळखला, आपल्या घरच्या माणसाला गर्दीत ओळखावं तसा.

हे मणी के-२ आणि मापुन्गुब्वेच्या मातीत हजारोंनी मिळाले आहेत. ते बनवायची रीत आपल्याकडची. तापलेल्या काचेच्या गोळ्यातून पोकळ नळी लांब ओढायची, तिचे बारीक तुकडे करायचे आणि राखेत घोळवून पुन्हा तापवायचे, म्हणजे कडा गोल होतात. आंध्र प्रदेशात पापानायडुपेटला अलीकडेपर्यंत ही रीत चालू होती. पण रीत सारखी म्हणून माल तिथलाच, असं म्हणता येत नाही. त्यासाठी काच तपासतात. लेसरने मण्यावर डोळ्याला दिसणार नाही एवढा खड्डा पाडायचा आणि उडालेल्या कणांतली मूलद्रव्यं मोजायची. भारतातल्या जुन्या काचेत ॲल्युमिना भरपूर असतं, कारण ती इथल्या वाळूची. आणि सोडा येतो तो खारपड जमिनीवर फुलून येणाऱ्या क्षारातून. इराणकडची काच वेगळी, ती झाडांच्या राखेची. मणी कितीही फिरला तरी ही जन्मखूण पुसत नाही.

त्यांनी मग २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. लॉर डुसुब्यू, केनियाचे चपुरुखा कुसिंबा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे यांचा, इतर सहकाऱ्यांसह. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळालेल्या मण्यांची काच कशाशी जुळते हे त्यात शोधलं होतं. जुळणाऱ्या ठिकाणाचं नाव त्यांनी उच्चारलं आणि मला ते आधी कळलंच नाही, इंग्रजी वळणाने बोलल्यामुळे. मग पडद्यावर नकाशा आला. मुंबईच्या खाली, किनाऱ्याला, एक ठिपका. चौल.

गोगट्यांनी चौलला उत्खनन केलं होतं हे मला माहीत होतं. पण त्या खणलेल्या मण्यांचं पुढे काय झालं, हे आम्ही गावातल्यांनी विचारलं नव्हतं. आणि मी इतिहासाची शिक्षिका! चौल हे जुनं बंदर, एवढं मी वर्गात सांगत असे. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी आला, तो याला सैमूर म्हणतो. तोच अल् मसूदी पूर्व आफ्रिकेलाही गेला होता आणि तिकडचं हस्तिदंत ओमानमार्गे भारतात आणि चीनला जातं असं त्याने लिहून ठेवलं आहे. आपल्या हत्तिणींना सुळे नसतात, चुड्याला आणि कोरीव कामाला दात हवा तो आफ्रिकेचा. म्हणजे इकडून मणी आणि कापड, तिकडून हस्तिदंत आणि सोनं. दोन्ही टोकं एका माणसाने पाहिली, आणि मी ती कधी जोडली नव्हती.

के-२ ला पोचलेल्या काचेच्या मण्यांचं तिथल्या लोकांनी काय केलं ते तर ऐकण्यासारखं आहे. तिथे जाडजूड, पिंपाच्या आकाराचे मोठे काचेचे मणीही मिळतात. ते बाहेरून आले नाहीत. बाहेरून आलेले बारीक मणी वितळवून तिथल्या कारागिरांनी आपल्या आवडीचे मोठे मणी घडवले. कशावरून? साच्यांवरून. मातीचा साचा, मध्ये काडीसारखा मातीचा गाभा, सभोवती काच भरून भाजायची. थंड झाल्यावर साचा फोडल्याशिवाय मणी निघत नाही. के-२ ला ते फुटके साचे मिळाले आहेत. कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी आणि नातवाने हे करून पाहिलं. घट्ट कणीक मळली, तिचे अंगठ्याएवढे साचे केले, मध्ये कणकेतच माखलेली काडी उभी केली आणि ओव्हनमध्ये कडक भाजले. मग साखरेचा चिक्कीसारखा गोळीबंद पाक करून चमच्याने भरला. पहिले दोन गळले. तिसऱ्यात पाक घट्ट बसला. गार झाल्यावर नातवाने लाटण्याने साचा फोडला आणि आतून पिवळा, ओबडधोबड, मधोमध भोक असलेला मणी निघाला. ओट्यावर एक मणी आणि त्याच्या चौपट कणकेचे तुकडे. तो म्हणाला, “आजी, मणी कुणीतरी घेऊन जाणार. पण हे तुकडे इथेच राहणार.” आदल्या संध्याकाळच्या व्याख्यानाचं सार त्याच्या तोंडून आलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा मणी कुठल्या वाडीत मिळाला? आगरकोट किल्ल्याच्या बाजूला की चौलच्या? वरच्या मातीत होता की विहीर खणताना निघालेल्या ढिगात? त्याच्या शेजारी काय होतं? मला यातलं काही आठवत नाही. मी तो उचलला तेव्हाच त्याचा पत्ता पुसला. टेकडीवर चढलेल्या त्या लोकांनी एका दिवसात उकरून जे केलं ते मी दहा-बारा वर्षांची असताना खेळत खेळत केलं. माझ्या डबीत आज जो आहे तो एक सुरेख मणी आहे, पण पुरावा नाही.

परत आल्यावर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ‘भारत आणि जग’ हे मोठं प्रदर्शन भरलं, २०१७ च्या नोव्हेंबरापासून, ब्रिटिश म्युझियमच्याच सहभागाने. त्या संग्रहालयाची एक फिरती बसही आहे, २०१५ पासून शाळाशाळांतून जाते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण मांडव्याच्या लाँचचे पैसे गोळा करून मुंबईला किती मुलं नेणार? म्हणून २०१८ च्या जानेवारीत, एका रविवारी, गावातल्या वाचनालयात मी एक टेबल मांडलं. त्यावर पांढरं कापड. माझा मणी, दोन-चार जणांच्या घरून आलेल्या खापऱ्या, प्रवरेकाठच्या हातकुऱ्हाडीसारखा एका विद्यार्थ्याने घडवलेला दगड, आणि गुळाच्या पाकाचे मणी, साच्यांसकट. भिंतीवर लिंपोपोच्या खोऱ्याचे मोठे छापून घेतलेले फोटो.

मुलांना मी आधी हात लावू दिला आणि मग बोलले. शेवटी एकच गोष्ट मागितली. वाडीत मणी दिसला तर उचलू नका. जागा बघा, मोबाइलवर फोटो काढा, आणि मला किंवा गुरुजींना येऊन सांगा. एक मुलगी म्हणाली, “पण बाई, मग दुसरा कोणतरी उचलेल.” याचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. तिने पुढच्या पावसाळ्यात स्वतःच शोधलं: एका वहीत वाड्यांचे कच्चे नकाशे काढून ती त्यांवर ठिपके देऊ लागली.

कार्यक्रम संपत आला तेव्हा कोळीवाड्यातले एक आजोबा दारात उभे होते, नातीला न्यायला आलेले. ते मण्यांकडे आले नाहीत. सरळ भिंतीकडे गेले आणि मापुन्गुब्वेच्या फोटोतल्या त्या फुगलेल्या बुंध्याच्या झाडासमोर उभे राहिले.

“बाई, ही तं गोरखचिंच.”

मी म्हटलं, हो, मूळची तिकडचीच. दर्यावर्दी लोकांबरोबर आपल्या किनाऱ्याला आली. वसईच्या किल्ल्यातही आहे.

“आमचा आजा हिची सुकी फळं जाल्याला बांधायचा,” ते म्हणाले. “बोये म्हणून. हलकी असत्यात, बुडत नाय.” मग नातीला जवळ बोलावून त्यांनी तिला झाडाच्या फांदीवर लोंबणारं फळ बोटाने दाखवलं, आणि दोरी कुठून ओवायची तेही.